ट्रान्सफर ते बीटा: वाट बघण्याच्या दिवसांत कोणती सिरीज लावायची, कोणती नाही

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याच्या उपचारात, भ्रूण गर्भाशयात सोडल्यापासून (ट्रान्सफर) गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या बीटा एचसीजीच्या रक्ततपासणीपर्यंत साधारण १० ते १४ दिवस जातात. औषधं वेळेवर घेण्यापलीकडे या दिवसांत फारसं काही हातात नसतं. मग भेटेल तो सांगतो, "काहीतरी हलकंफुलकं बघ, मन रमव." सल्ला चांगलाच आहे. तो पाळताना मात्र बहुतेक जणींचं एकाच जागी चुकतं. ट्रान्सफर करून घरी आल्यावर, थकून सोफ्यावर बसल्यावर शोधाशोध सुरू होते. अ‍ॅप जे पुढे करेल ते लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडद्यावर कुणीतरी हातात टेस्टची पट्टी घेऊन बाथरूममधून बाहेर येतं.

एरवी तो प्रसंग दोन मिनिटांत विसरला जातो. या दिवसांत तो रात्रभर डोक्यात फिरत राहतो. म्हणून निवड ट्रान्सफरच्या आधीच उरकायची. आणि ती करताना "हलकी आहे का?" हा प्रश्न बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारायच्या: तिच्यात पुढे काय काय घडतं आणि प्रत्येक भाग कुठे येऊन थांबतो?

बायोप्सीचा रिपोर्ट, स्पर्धा परीक्षेचा निकाल, व्हिसाचं उत्तर, अशी कुठलीही वाट बघत असाल तरी हाच क्रम चालेल. फक्त दुसऱ्या टप्प्यातली यादी तुमची वेगळी असेल.

टप्पा १: तारीख आणि तास मोजा

हे ट्रान्सफरच्या चार-पाच दिवस आधी करा. क्लिनिकने तपासणीची तारीख सांगितली असेल तर ती लिहून ठेवा, नसेल तर विचारून घ्या. तारीख ट्रान्सफर तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणाचं आहे की पाचव्या, आणि त्या क्लिनिकची पद्धत काय, यावर ठरते. मैत्रिणीला मिळालेल्या तारखेवर स्वतःचे दिवस मोजू नका.

मग खरोखर किती तास लागतील याचा हिशेब करा. कामावर जाणार असाल तर संध्याकाळचे दीड-दोन तास, म्हणजे सगळे मिळून पंचवीसेक तास. रजा घेतली असेल तर चाळीस-पन्नास. रजा घेतलेल्या बहुतेक जणी दिवसाला बारा तास पडून राहायचं असं धरून चालतात आणि तीन-तीन सिरीज काढून ठेवतात. ट्रान्सफरनंतर पूर्ण पडून राहिल्याने भ्रूण रुजण्याची शक्यता वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर घरातलं नेहमीचं हिंडणं-फिरणं चालू राहणार आहे. त्या हिशेबाने तास धरा.

दिवसांचे तीन भाग करा. पहिले तीन दिवस प्रोजेस्टेरॉनमुळे (गर्भ रुजायला मदत म्हणून दिलेल्या हॉर्मोनमुळे) झोप येते, अंग जड वाटतं, भाग अर्ध्यावर असतानाच डोळा लागतो. मधले पाच-सहा दिवस शरीर बरं असतं, पण मन प्रत्येक बारीक दुखण्याचा अर्थ लावत बसतं. शेवटचे तीन-चार दिवस सगळ्यात कठीण. एकच सिरीज या तिन्ही भागांना पुरी पडत नाही. लोक नेमकं हेच विसरतात आणि एकच मोठी सिरीज घेऊन बसतात.

तपासा: तपासणीची तारीख, रोजचे तास आणि तीन भाग कागदावर लिहिलेत का? तपासणीनंतरचे दोन दिवसही त्यात धरा. का, ते आठव्या टप्प्यात येईल.

टप्पा २: "नको"ची यादी, अगदी नावं घेऊन

"दुःखी काही नको" एवढं लिहून भागत नाही. नेमकं काय नको ते लिहा. या वाट बघण्यात बहुतेक जणींच्या यादीत हे येतं: गरोदरपणाची बातमी, गर्भपात, बाळंतपणाचा प्रसंग, डोहाळजेवण, बारसं, नको असताना राहिलेला गर्भ, आणि मूल न होण्यावरून ऐकून घ्यावे लागलेले टोमणे. शेवटच्या दोन गोष्टी लिहायच्या राहतात आणि जास्त त्रास त्यांचाच होतो.

मग स्वतःच्या वाटेचं लिहा. याआधी एखादा गर्भ राहून गेला असेल तर सोनोग्राफीच्या खोलीतला कुठलाही प्रसंग यादीत घ्या. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर हॉस्पिटलचा आयसीयू घ्या. कुणाला लहान मुलं दिसली तरी चालतं, पोट दिसलेलं चालत नाही. कुणाचं नेमकं उलटं असतं. दुसरीची यादी उसनी घेऊ नका.

बायोप्सीची वाट बघणाऱ्याने इथे कॅन्सर, केमो, डॉक्टरांच्या केबिनमधलं निदान लिहावं. निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्याने कोटा फॅक्टरी आणि अ‍ॅस्पिरंट्स, कितीही आवडत्या असल्या तरी, निकाल लागेपर्यंत बंद ठेवाव्यात.

सावधान: ही यादी मोबाईलच्या शोधखिडकीत टाइप करत बसू नका. "गर्भपात असलेल्या सिरीज" असं शोधलं की पुढचे कित्येक दिवस त्याच विषयाच्या बातम्या आणि जाहिराती समोर येत राहतात. शोधण्याचं काम दुसऱ्याला द्यायचं आहे. ते चौथ्या टप्प्यात.

टप्पा ३: उमेदवार जमवा

सात-आठ नावं पुरेत. ती तीन प्रकारांतून घ्या.

पहिला प्रकार आधी बघितलेल्या सिरीजचा. पहिल्या तीन दिवसांसाठी हाच. पुढे काय होणार हे माहीत असतं, मध्येच झोप लागली तरी काही निसटत नाही, आणि अचानक अंगावर येणारं काही नसतं. "सगळं बघूनच झालंय" म्हणून लोक हा प्रकार सोडतात. माझ्या मते सगळ्यात जास्त तास यालाच द्यायला हवेत.

दुसरा प्रकार सुट्ट्या भागांचा, म्हणजे गोष्ट त्याच भागात संपणारा. हा शेवटच्या दिवसांसाठी. २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली श्रीयुत गंगाधर टिपरे इथे फार उपयोगी पडते. आबा, शेखर, श्यामला आणि शलाका-शिऱ्या ही मोठी झालेली नातवंडं, एवढंच घर. रोजच्या जगण्यातला एखादा पेच निघतो आणि बहुतेक वेळा त्याच भागात मिटतो. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली मालगुडी डेज, महाराष्ट्राची हास्यजत्रामधली स्किट, हेही याच प्रकारातलं. स्किट कुठूनही सुरू करता येतं आणि कुठेही थांबवता येतं. फक्त स्किटचा विषय काय आहे ते नावावरून बघून घ्या.

स्पर्धांचे कार्यक्रमही यातच धरते. ग्रेट ब्रिटिश बेक ऑफच्या एका सीझनचे बहुतेक वेळा १० भाग असतात. केक फुगला की नाही, यापेक्षा मोठं संकट त्यात येत नाही. मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाचा एक सीझन पन्नास-साठ भागांचा, त्यामुळे संपण्याची धास्ती नाही. पण त्यात स्पर्धक घरी राहिलेल्या लेकरांच्या आठवणीने रडतात, घरून पत्रं आणि फोटो येतात. तुमच्या यादीत ते असेल तर बेक ऑफच घ्या.

तिसरा प्रकार एका लांब गोष्टीचा. मधल्या पाच-सहा दिवसांत मन गुंतवून ठेवायला तो लागतोच, आणि नवीन काही बघायचं असेल तर ते इथेच. अशा दोन सिरीज निवडा. एक जमली नाही तर दुसरी हाताशी असावी.

रोजच्या मालिका या तिन्हींपैकी कशातच घेऊ नका. रोज संध्याकाळी अर्धा तास चालणारी कौटुंबिक मालिका "गोड बातमी"शिवाय वर्षभर चालत नाही. होणार सून मी ह्या घरची मधलं जान्हवीचं गरोदरपण किती लांबलं आणि त्याची महाराष्ट्रभर किती चर्चा झाली, हे आठवून बघा. शिवाय या मालिकांचा प्रत्येक भाग मुद्दाम अर्ध्या वाक्यावर तोडलेला असतो. उद्याच्या उत्तराची वाट बघायला लावणं, यावरच त्यांचं सगळं चालतं. तुमच्या वाट्याला ते आधीच पुरेसं आलेलं आहे.

टप्पा ४: आत काय आहे ते दुसऱ्याकडून तपासून घ्या

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

तपासणारी व्यक्ती वेगळी हवी. नवरा, बहीण, जवळची मैत्रीण, ज्यांना या उपचाराबद्दल माहीत आहे असं कुणीही. त्यांना तुमची "नको"ची यादी आणि सात-आठ नावं द्या. त्यांनी फक्त तीनच उत्तरं द्यायची: "चालेल", "नको" किंवा "अमुक भागापर्यंत चालेल". कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की तो प्रसंग न बघताच डोक्यात बसतो.

तपासायचं कसं? इंग्रजी आणि गाजलेल्या हिंदी सिरीजसाठी डझ द डॉग डाय ही साइट बघायची. तिथे प्रेक्षकांनीच नोंदवलेलं असतं की अमुक सिरीजमध्ये गर्भपात आहे का, बाळ दगावतं का, बाळंतपण दाखवलंय का. मराठी मालिकांसाठी तिथे फारसा आधार मिळत नाही. तिथे यूट्यूबवरच्या भागांची शीर्षकं आणि प्रोमो चाळावे लागतात. विकिपीडियावर भागांची यादी आणि प्रत्येक भागाचा सारांश असेल तर प्रत्येक सीझनचा पहिला आणि शेवटचे दोन भाग आधी वाचायचे. मोठे धक्के बहुतेक तिथेच ठेवलेले असतात.

वयाच्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार आपल्याकडे सिरीजवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए असं लिहिलेलं असतं. तो शिक्का लहान मुलांना काय दाखवायचं यासाठी आहे. निखळ कौटुंबिक आणि कमी वयाच्या शिक्क्याच्या सिरीजमध्येही गोड बातम्या आणि बारशी असतातच.

आता ज्या सिरीज "अगदी हलकी आहे गं, बघच" म्हणून सुचवल्या जातात, त्यांच्या आत काय आहे ते बघा. या भागात काही कथानकं उघड होतील. तुम्ही स्वतः वाट बघत असाल तर ही पुढची काही वाक्यं सोडून थेट खालच्या "तपासा" या ओळीवर जा आणि हा भाग तपासणाऱ्या व्यक्तीला वाचू द्या.

फ्रेंड्स ही जगभर मन शांत करणारी सिरीज म्हणून लावली जाते. तिच्या पहिल्याच सीझनमध्ये रॉसच्या मुलाचा जन्म आहे. चौथ्या-पाचव्या सीझनमध्ये फीबी भावासाठी सरोगेट होते आणि तिळ्यांना जन्म देते. आठवा सीझन रेचलच्या गरोदरपणाचा आहे. नवव्यात मोनिका आणि चँडलर मूल राहत नाही म्हणून तपासण्या करतात आणि अडचण दोघांतही निघते. आयव्हीएफच्या वाटेवर असलेल्या बाईसाठी यापेक्षा जवळचा घाव नाही. दुसरा, तिसरा, सहावा असे सीझन सुटे करून बघता येतील, पण अ‍ॅपला ते कळत नाही, ते पुढचा सीझन आपोआप लावतं.

टेड लासो ही फुटबॉल संघाची प्रेमळ गोष्ट म्हणून सगळे सांगतात, आणि ती आहेच तशी. पण तिसऱ्या सीझनमध्ये रेबेका एका भविष्यवाणीमुळे आई होण्याची आशा धरते आणि डॉक्टर तिला ते शक्य नसल्याचं सांगतात. पहिले दोन सीझन बघून थांबा.

ब्रुकलिन नाइन-नाइनच्या सातव्या सीझनमध्ये जेक आणि एमी मूल होण्यासाठी महिनोन् महिने प्रयत्न करतात आणि सीझनच्या शेवटी बाळ जन्मतं. द बिग बँग थिअरी संपताना पेनी गरोदर असते. मॉडर्न फॅमिलीत तिसऱ्या सीझनच्या शेवटी ग्लोरिया गरोदर असल्याचं कळतं आणि चौथ्यात बाळ जन्मतं. दीर्घकाळ चाललेल्या बहुतेक विनोदी सिरीजमध्ये कधी ना कधी बाळ येतंच. त्यामुळे साधा नियम: लांब विनोदी सिरीज घ्यायची तर सुरुवातीचे सीझन घ्या आणि तेही भागवार बघून.

डाउनटन अ‍ॅबीचे जुने वाडे आणि सुंदर कपडे बघून अनेक जणी ती निवडतात. पहिल्या सीझनच्या शेवटी कोराचा गर्भपात होतो आणि तिसऱ्यात सिबिल बाळंतपणात जाते. ही सिरीज पूर्ण बाजूला ठेवा. ब्रेकिंग बॅडमध्ये पहिल्याच भागात नायकाला फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निदान होतं आणि त्याची बायको गरोदर असते. बायोप्सी असो की बीटा, दोन्ही वाट बघणाऱ्यांनी ती टाळावी.

पंचायतचं उदाहरण सगळ्यात शिकण्यासारखं आहे. पहिला सीझन आठ भागांचा, भाग बहुतेक अर्ध्या तासाचे, गावातले छोटे पेच. उत्तम. पण त्यातच लोकसंख्या नियंत्रणाच्या घोषणा भिंतींवर रंगवण्याचा एक अख्खा भाग आहे. दोन मुलं, जास्त मुलं, हीच चर्चा. कुणाला तो विनोद चालेल, कुणाला नाही. दुसरा सीझन तितकाच गोड चालतो आणि शेवटच्या भागात प्रल्हादच्या जवान मुलाच्या मृत्यूची बातमी येते. एकुलत्या एका मुलाच्या बापाचं ते दुःख तिसऱ्या सीझनमध्येही पुढे चालतं. म्हणून पंचायतचं उत्तर असं: पहिला सीझन चालेल, एक भाग विचारून, दुसरा सातव्या भागापर्यंत, पुढचं बीटानंतर.

प्राण्यांच्या माहितीपटांबद्दलही एक शब्द. प्लॅनेट अर्थसारख्या मालिका डोळ्यांना शांत वाटतात, पण त्यात वीण, घरटी, पिल्लं आणि पिल्लांची शिकार सतत असते. गुहा, समुद्राचा तळ या विषयांचे भाग त्यातल्या त्यात बरे. जंगलाऐवजी रेल्वे, पूल, जुन्या इमारतींची दुरुस्ती असे माहितीपट घेतले तर ही काळजीच राहत नाही.

तपासा: सात-आठ नावांपैकी चार-पाच उरली असतील, तर ती पुरेत. प्रत्येकापुढे "कुठपर्यंत" ते लिहिलं आहे का?

टप्पा ५: टीव्ही, फोन आणि जाहिराती आवरून घ्या

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ट्रान्सफरच्या आदल्या दिवशीपर्यंत व्हायलाच हवं.

अ‍ॅपमध्ये तुमच्यासाठी नवीन प्रोफाइल काढा. जुन्या प्रोफाइलवर आधी जे बघितलं गेलं त्यावरून शिफारशी येतात, नवीन कोरं असतं. प्लेबॅक सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप लागणं बंद करा, आणि चित्रावर थांबल्यावर आपोआप चालणाऱ्या झलकाही बंद करा. "सातव्या भागापर्यंत" हा नियम ऑटोप्ले चालू असेल तर टिकत नाही.

ठरलेले भाग डाउनलोड करून ठेवले तर उत्तम. निवडीचं पान उघडावंच लागत नाही.

मग जाहिराती. इतके महिने उपचारांबद्दल शोधून फोनला तुमचं सगळं कळलेलं असतं. डायपर, बेबी ऑइल, टेस्ट किट यांच्या जाहिराती त्यामुळे येतात. गुगलच्या माय अ‍ॅड सेंटरमध्ये संवेदनशील विषयांत गरोदरपण आणि पालकत्व हा विषय बंद करता येतो, तो यूट्यूबलाही लागू होतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरातींच्या विषयांत पालकत्वाच्या जाहिराती कमी करा. हे केल्यावर त्या पूर्ण थांबतील असं नाही, बऱ्याच कमी होतात. सिरीजचं अ‍ॅप जाहिरातींच्या स्वस्त प्लॅनवर असेल आणि परवडत असेल तर एक महिना बिनजाहिरातीचा प्लॅन घ्या.

तपासा: सबस्क्रिप्शन तपासणीच्या तारखेच्या आधी संपत नाही ना?

टप्पा ६: घरच्यांशी आधीच बोला

एकत्र घरात हॉलमधला टीव्ही तुमच्या एकटीचा नसतो. रात्री साडेसात ते दहा सासूबाईंच्या मालिका चालतात आणि जेवणाचं ताट घेऊन सगळे तिथेच बसतात. उपचाराबद्दल त्यांना माहीत असेल तर सरळ सांगा: "आई, हे दोन आठवडे मी रात्री आत बसून जेवेन. मालिकेत असं काही आलं की मला त्रास होतो." बहुतेक सासवा हे ऐकून स्वतःच टीव्हीचा आवाज कमी करतात. माहीत नसेल तर नवऱ्याने बोलावं: "हिला डॉक्टरांनी लवकर झोपायला सांगितलंय." एवढं पुरतं.

नवऱ्याशी वेगळं बोलणं हवं. लांब गोष्टीची सिरीज दोघांनी मिळून बघायची की तुम्ही एकटीने, ते आधी ठरवा. मिळून बघणार असाल तर तो ऑफिसातून उशिरा आला म्हणून तुमची संध्याकाळ रिकामी जाते आणि तेवढ्यात फोन हातात येतो. माझा सल्ला असा: लांब गोष्ट एकटीची ठेवा, सुट्ट्या भागांची सिरीज दोघांची. वाट तोही बघत असतो, त्याच्याही "नको"च्या गोष्टी विचारून घ्या.

टप्पा ७: प्रत्यक्ष बघताना

औषधं पहिली. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, जेल किंवा इंजेक्शन यांच्या वेळांचे गजर लावा आणि भाग त्या वेळांभोवती बसवा. "एवढा भाग संपू दे" म्हणत डोस तासभर पुढे ढकलला जातो, ते होऊ देऊ नका. योनिमार्गात औषध ठेवल्यावर थोडा वेळ आडवं पडायला सांगितलं असेल, तर तो वेळ एका छोट्या भागासाठी राखून ठेवा.

प्रत्येक भागानंतर उठा. पाणी प्या, घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. या उपचारातल्या हॉर्मोनच्या औषधांनी रक्त गोठण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून तास न् तास पाय दुमडून बसू नये.

सावधान: पोट झपाट्याने फुगणं, वजन एकदम वाढणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, एका पायाला सूज येऊन दुखणं, जास्त रक्तस्राव, यांपैकी काही झालं तर लगेच क्लिनिकला फोन करा. थोडा डाग दिसला म्हणून औषधं स्वतःहून थांबवू नका.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे सगळ्यात अवघड जातं, पण सिरीज निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. डोळे टीव्हीवर आणि बोटं "ट्रान्सफरनंतर सातवा दिवस पोटात कळ" टाइप करतायत, असं झालं की सिरीजचा काही उपयोग होत नाही. छाती जड होणं, झोप येणं, पोट फुगणं हे प्रोजेस्टेरॉननेही होतं. त्यावरून निकाल कुणालाच सांगता येत नाही, शोधयंत्रालाही नाही.

कितीही तपासलं तरी एखादा प्रसंग निसटतोच. तो आला की पुढे ढकलून बघू नका, सरळ बंद करा. उठा, दिवा लावा, कुणाशी तरी दोन शब्द बोला, आणि मग आधी बघितलेल्या सिरीजमधला एक भाग लावा. ती लांब गोष्ट त्या दिवशी परत उघडू नका. "एवढं काय त्यात" असं स्वतःला समजावत बसण्याचीही गरज नाही.

रात्री शेवटचा भाग कोणता हे संध्याकाळीच ठरवा. लांब गोष्टीचा भाग झोपण्यापूर्वी कधीच नको. तो उत्सुकतेवर थांबतो, आणि अंधारात ती उत्सुकता बीटाकडे वळते. झोपण्यापूर्वी टिपरे, बेक ऑफ, असं काहीतरी मिटलेलं.

टप्पा ८: शेवटचे दिवस, तपासणी आणि पुढचे ४८ तास

तपासणीला तीन-चार दिवस उरले की लांब गोष्ट संपली नसली तरी थांबवा. या दिवसांत लक्ष टिकत नाही, तोच प्रसंग तीनदा मागे घ्यावा लागतो आणि मग चिडचिड होते. सुट्ट्या भागांवर या. भाग छोटे करा, दहा-वीस मिनिटांचे.

याच दिवसांत घरी पट्टीवर तपासण्याचा मोह होतो. आधी एचसीजीचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते शरीरात दहा-बारा दिवस राहून खोटी रेघ दाखवू शकतं. फार लवकर तपासलं तर गर्भ असूनही रेघ येत नाही. क्लिनिकने रक्ततपासणी सांगितली आहे ती यासाठीच. पट्टी घरात आणूनच ठेवू नका.

तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत काही तास जातात, बहुतेक ठिकाणी संध्याकाळ होते. या तासांसाठी काय लावायचं ते आधी ठरवलेलं असावं, पण तुमची सगळ्यात लाडकी सिरीज यासाठी वापरू नका. रिपोर्ट मनासारखा आला नाही, तर ती सिरीज त्या संध्याकाळशी जोडली जाते आणि पुन्हा लावावीशी वाटत नाही. आवडत नाही असंही काही नको. आवाज चालू राहील आणि लक्ष नसलं तरी चालेल असं काहीतरी, जुना क्रिकेट सामना, स्वयंपाकाचा कार्यक्रम. रिपोर्ट कोण उघडणार, तुम्ही की नवरा, आणि तो आला की टीव्ही कोण बंद करणार, हेही सकाळीच ठरवा.

आता पहिल्या टप्प्यात राखून ठेवायला सांगितलेले दोन दिवस. बीटाचा आकडा आला की वाट संपली, असं बहुतेक जणी धरतात. आकडा चांगला आला तरी डॉक्टर साधारण ४८ तासांनी पुन्हा रक्त तपासतात, कारण सुरुवातीच्या दिवसांत तो वाढतो आहे ना हे बघायचं असतं. आकडा कमी पण शून्य नाही, असाही येतो, आणि मग ते दोन दिवस आधीच्या चौदांपेक्षा लांब जातात. त्यापुढे सोनोग्राफीपर्यंत आणखी काही आठवडे असतात. म्हणून यादीतली एक सुट्ट्या भागांची सिरीज न उघडता मागे ठेवा.

रिपोर्ट नकारात्मक आला तर त्या संध्याकाळी सिरीजने मन रमवण्याचा आग्रह कुणी धरू नये, तुम्हीही नाही. रडायचं असेल तर रडा, बोलायचं असेल तर बोला, टीव्ही बंद राहू दे. औषधं कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा. चार-सहा दिवसांनी काही बघावंसं वाटलं तर "नको"ची यादी पुन्हा काढा. ती बदललेली असेल, आणि तपासणाऱ्या व्यक्तीला नव्याने द्यावी लागेल.